सोडियम १२४, पोटॅशियम ५.६: हे आकडे ठरवतं कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासऱ्यांचं वय ७१. मधुमेह आणि बीपी जुनं, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू. दोन-तीन महिन्यांपासून जेवण जात नाही, वजन उतरलंय, अंथरुणातून उठताना भोवळ येते. रक्त तपासलं तर सोडियम १२४, पोटॅशियम ५.६, क्रिएटिनिन १.१. गावातले डॉक्टर म्हणाले, जेवणात मीठ वाढवा. नणंदेने शहाळी आणून ठेवलीत. शहरातल्या फिजिशियननी मात्र ‘ॲड्रिनलचे हॉर्मोन बघून घेऊ’ म्हणून चिठ्ठी दिली. मीठ-पाण्याचा हिशोब किडनी ठेवते आणि किडनी तर ठीक आहे, मग यात हॉर्मोन कुठून आले?

आधी कामाचं सांगतो. शहाळी आजपासून बंद. फिजिशियननी लिहून दिलेल्या तपासण्या पुढच्या आठवड्यावर ढकलू नका, उद्या सकाळीच करा. उलट्या सुरू झाल्या, बोलण्यात असंबद्धपणा आला, गुंगी वाटली किंवा बीपी एरवीपेक्षा फार खाली आलं, तर रिपोर्टची वाट न बघता दाखल करा. आता कारणं.

किडनी हिशोब ठेवते हे खरंच, पण किती ठेवायचं आणि किती सोडायचं हा हुकूम तिचा एकटीचा नसतो. क्रिएटिनिन सांगतं की गाळणी चालू आहे. गाळलेल्यातून काय परत घ्यायचं हे क्रिएटिनिनवरून कळत नाही, आणि तिथेच हॉर्मोनचा अंमल चालतो. म्हणून क्रिएटिनिन १.१ असताना पोटॅशियम ५.६ येतं, तेव्हा किडनी सुटली आणि संशय हुकूम देणाऱ्यावर गेला. तुमच्या फिजिशियननी नेमका हाच विचार केलाय.

दोन्ही क्षार शरीरात राहतात कुठे हे आधी बघू. सोडियम मुख्यतः पेशींच्या बाहेर, रक्तात आणि पेशींभोवतीच्या पाण्यात. तिथलं प्रमाण लिटरला १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक; रिपोर्टमधले आकडे याच मापातले). पोटॅशियमचं उलट: शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. आतलं प्रमाण १४०च्या आसपास आणि बाहेर रक्तात जेमतेम ३.५ ते ५. ही तफावत टिकवतो पेशीच्या भिंतीतला सोडियम-पोटॅशियम पंप. दर फेरीला तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, अखंड. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये हा पंप म्हणजे एक एन्झाइम आहे हे दाखवलं, त्यासाठी त्यांना १९९७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आता गणित बघा. मध्यम वजनाच्या माणसाच्या शरीरात एकूण तीन-साडेतीन हजार मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम, त्यातलं पेशींबाहेर फक्त साठ-सत्तर. म्हणजे आपण रक्तात मोजतो तो एकूण साठ्याचा पन्नासावा हिस्सा. आत-बाहेर जरा जरी सरकासरक झाली तरी रिपोर्टचा आकडा हलतो, आणि हृदयाच्या ठोक्यांना तेवढं हलणंही पुरतं.

आता सोडियमकडे येऊ. लोकांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच चिठ्ठ्यांवरही तो दिसतो. रिपोर्टमधलं सोडियम म्हणजे शरीरातल्या मिठाचा साठा नव्हे. ते एक गुणोत्तर आहे: अमुक पाण्यात तमुक सोडियम. सरबत फिकं लागलं तर साखर कमी पडली असेल किंवा पाणी जास्त झालं असेल, नुसत्या चवीवरून ते कळत नाही; १२४ चंही तसंच. माझ्या ओपीडीत कमी सोडियमचे जे वयस्कर रुग्ण येतात त्यांच्यातल्या बहुतेकांच्या शरीरात मीठ पुरेसं असतं, पाणी जास्त साठलेलं असतं. हृदय कमजोर असलेल्या, पायांवर सूज असलेल्या माणसाचं सोडियम १२६ येतं तेव्हा त्याच्या अंगात मीठ गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतं. त्याला ‘मीठ वाढवा’ सांगितलं तर तो रात्री धाप लागून बसतो.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या धरायच्या. शरीरात सोडियम एकूण किती आहे हे अंगावरून कळतं: सूज, बीपी, उठल्यावर बीपी पडतं का, मानेची शीर, जिभेचा ओलावा. आणि सोडियमचा आकडा किती आहे हे पाण्याच्या हिशोबावरून ठरतं. या दोन्हींचे कारभारी हॉर्मोन वेगवेगळे आहेत.

पाण्याचा कारभार एडीएच उर्फ व्हॅसोप्रेसिनकडे. ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतं आणि मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात सुटतं. रक्ताची घनता एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी तिथल्या पेशींना कळतं. एडीएच सुटतं, किडनीच्या शेवटच्या नळ्यांत पाण्याची दारं उघडतात, पाणी परत घेतलं जातं आणि लघवी दाट पिवळी होते. त्याच वेळी तहानही लागते. पाणी जास्त झालं की एडीएच बंद, लघवी पांढरीफटक. रोजच्या व्यवहारात ही व्यवस्था इतकी बारीक चालते की तुम्ही लोणचं-पापड कितीही खाल्लंत तरी सोडियमचा आकडा १४० च्या आसपासच राहतो. मीठ वाढतं तसं पाणी वाढतं, अंगात दोन्ही साठतं, बीपी चढतं, आकडा मात्र जागचा हलत नाही.

पण एडीएचला आणखी एक मालक आहे. रक्ताचं आकारमान पाच-दहा टक्क्यांहून जास्त घटलं, बीपी पडलं, तर घनतेचा विचार बाजूला ठेवून एडीएच जोरात सुटतं. जीव वाचवणं आधी, आकडा नंतर. मळमळ, तीव्र वेदना, ऑपरेशननंतरचा ताण, न्यूमोनिया आणि काही औषधं, म्हणजे एस्सिटालोप्रामसारख्या नैराश्याच्या गोळ्या किंवा कार्बामाझेपिन, यांनीही ते नको तेव्हा सुटतं. अशा वेळी पोटात जाणारं प्रत्येक भांडं पाणी अंगात अडकतं आणि सोडियम पातळ होत जातं. ॲड्रिनलचं कॉर्टिसॉल हे हॉर्मोन कमी पडलं तरी हेच होतं, तो धागा पुढे लागेल.

आता मिठाच्या साठ्याचा कारभारी: अल्डोस्टेरॉन. दोन्ही किडन्यांच्या माथ्यावर चार-पाच ग्रॅमची एकेक ॲड्रिनल ग्रंथी असते. तिच्या सालीचा सगळ्यात बाहेरचा पातळ थर हे हॉर्मोन बनवतो, दिवसाला फक्त शंभर-दीडशे मायक्रोग्रॅमच्या घरात. ते काय करतं हे समजायला किडनीचा ताळेबंद डोळ्यांसमोर हवा. रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातलं सोडियम मिठाच्या हिशोबात मांडलं तर जवळजवळ दीड किलो मीठ होतं. त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त परत घेतलं जातं. पहिल्या नळीत दोन तृतीयांशाच्या आसपास, हेन्लेच्या वळणात पाव हिस्सा, पुढच्या नळीत पाच-सात टक्के. हा ठोक व्यवहार अल्डोस्टेरॉन असो-नसो बराचसा चालतो. शेवटचे दोन-तीन टक्के उरतात ते त्याच्या हातात. दोन-तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण दीड किलोचे दोन टक्के म्हणजे तीस ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. अल्डोस्टेरॉन नसेल तर माणूस खातो त्याहून जास्त मीठ लघवीतून घालवू शकतो.

त्याची कामाची पद्धत अशी. हे स्टेरॉइड असल्याने सरळ नळीच्या पेशीत शिरतं, आतल्या रिसेप्टरला चिकटतं आणि जनुकांकडून नवी प्रथिनं बनवून घेतं. पेशीच्या लघवीकडच्या बाजूला सोडियम आत घेणारे मार्ग वाढतात, रक्ताकडच्या बाजूला मघाचा पंप वाढतो. सोडियम लघवीतून पेशीत, पेशीतून रक्तात. धन विद्युतभाराचं सोडियम निघून गेलं की नळीच्या आत ऋण भार उरतो, त्याच्या ओढीने पेशीतलं पोटॅशियम बाहेर पडून लघवीत जातं. सोडियम राखणं आणि पोटॅशियम घालवणं ही एकाच व्यवहाराची देण्या-घेण्याची बाजू आहे. नवी प्रथिनं बनायला वेळ लागतो, म्हणून परिणाम तासाभराने सुरू होतो आणि पुढे तासन्‌तास टिकतो.

हुकूम देणाऱ्याला हुकूम कोण देतं? दोघं. पहिला रेनिनचा मार्ग. किडनीत शिरणाऱ्या धमनीतला दाब उतरला, नळीत मीठ कमी पोचलं किंवा ताणाच्या वेळी जाग्या होणाऱ्या सिंपथेटिक नसांनी चेतवलं की किडनी रेनिन सोडते. रेनिन यकृतातून आलेल्या एका प्रथिनापासून अँजिओटेन्सिन एक बनवतं, त्याचं मुख्यतः फुप्फुसांत अँजिओटेन्सिन दोन होतं, आणि ते ॲड्रिनलला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं. सासऱ्यांची टेल्मिसार्टन या साखळीतलं शेवटचं टोक अडवते. रॅमिप्रिल, एनालॅप्रिल त्याआधीचं. बीपीच्या या गोळ्या उत्तम आहेत, मधुमेह्यांच्या किडनीला तर फारच उपयोगी, पण साखळी अडवली की अल्डोस्टेरॉन थोडं घटणार आणि पोटॅशियम थोडं चढणार हे ओघानेच आलं. दुसरा हुकूम स्वतः पोटॅशियमचा. रक्तातलं पोटॅशियम दशांशाने चढलं तरी ॲड्रिनलची पेशी ते ओळखते आणि रेनिनला न विचारता अल्डोस्टेरॉन सोडते. पिट्युटरीच्या एसीटीएच या हॉर्मोनचाही थोडा हात असतो, पण तो दुय्यम. हे ‘दुय्यम’ लक्षात ठेवा, निदानात त्याला फार किंमत आहे.

इथे एक कोडं पडतं. विद्यार्थ्यांना शिकवताना मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग हाच. जुलाब होऊन मीठ-पाणी गेलं तर अल्डोस्टेरॉन वाढतं, सोडियम राखलं जातं. मग लघवीतून पोटॅशियम भसाभस का जात नाही? उलट, दोन-चार केळी आणि बटाट्याची भाजी खाऊन पोटॅशियम वाढलं तरी अल्डोस्टेरॉन वाढतं, पोटॅशियम बाहेर जातं. मग तेव्हा अंगात मीठ साठून बीपी का चढत नाही? हॉर्मोन एकच, दोन्ही वेळा निकाल वेगळा.

उत्तर शेवटच्या नळीच्या जरा अलीकडे आहे. तिथे सोडियम आणि क्लोराइड एकत्र उचलणारा एक वाहक असतो. क्लोरथॅलिडोनसारखी लघवीची गोळी त्यालाच अडवते. मीठ-पाणी घटल्यावर अँजिओटेन्सिन दोन हजर असतं. ते या वाहकाला जोरात चालवतं आणि पोटॅशियमचा बाहेरचा मार्ग आवळतं. सोडियम अलीकडेच उचललं गेल्याने पुढच्या नळीपर्यंत फारसं पोचत नाही, म्हणून त्याच्या बदल्यात पोटॅशियम देण्याचा व्यवहारच होत नाही. पोटॅशियम जास्त खाल्ल्यावर मात्र अँजिओटेन्सिन वाढलेलं नसतं, आणि वाढलेलं पोटॅशियम स्वतः त्या वाहकाला बंद करतं. सोडियम पुढे वाहून जातं, तिथे अल्डोस्टेरॉन तयार असतं, सोडियमचा काही भाग घेऊन पोटॅशियम बाहेर टाकलं जातं, उरलेलं सोडियम लघवीत. भाज्या-फळांतल्या पोटॅशियमने बीपी थोडं उतरतं त्यामागचं एक मोठं कारण हे: पोटॅशियम स्वतःच सौम्य लघवीच्या गोळीचं काम करतं. आणि ज्यांचं पोटॅशियम कायम कमी असतं त्यांच्यात तो वाहक सतत चालू राहतो, मीठ साठतं, बीपी चढतं. बीपीच्या रुग्णाला नुसतं ‘मीठ कमी करा’ सांगून थांबणं मला म्हणूनच अर्धवट वाटतं. ज्याची किडनी आणि औषधं परवानगी देतात त्याने पालेभाजी, डाळी, फळं वाढवणंही तितकंच महत्त्वाचं.

आपली ही यंत्रणा मुळात मिठाच्या दुष्काळासाठी घडलेली दिसते. ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक जवळजवळ मीठच खात नाहीत. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट या जागतिक अभ्यासात त्यांच्या लघवीतलं दिवसाचं सोडियम एका मिलिइक्विव्हॅलंटच्याही आत होतं. त्यांचं रेनिन-अल्डोस्टेरॉन भरपूर वर असतं, बीपी कमी राहतं आणि वयाबरोबर चढत नाही. आपण त्याच यंत्रणेला वडापाव, फरसाण आणि लोणच्यावर चालवतो.

अल्डोस्टेरॉन उगाच जास्त झालं तर काय होतं हे अमेरिकेतल्या मिशिगनचे जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये मांडलं: ॲड्रिनलमध्ये छोटी गाठ, बीपी चढलेलं, पोटॅशियम घटलेलं, स्नायूंत अशक्तपणा. तेव्हा हा आजार दुर्मीळ समजत. आता कळतं की बीपीच्या दर शंभरांत निदान पाच-दहा जणांमागे तो असतो, आणि त्यांतल्या अर्ध्याहून जास्त जणांचं पोटॅशियम नॉर्मलच येतं. तीन गोळ्यांनी बीपी आटोक्यात येत नसेल, किंवा तिशी-पस्तिशीतच बीपी लागलं असेल, तर रेनिन आणि अल्डोस्टेरॉनचं गुणोत्तर एकदा बघून घ्यावं. तपासणी साधी रक्ताची आहे, आणि आपल्याकडे ती सांगितली जायला हवी त्यापेक्षा फारच कमी सांगितली जाते.

अल्डोस्टेरॉनला तास लागतो, पण जेवणातलं पोटॅशियम तर तासाभरात रक्तात येतं. मधला वेळ इन्सुलिन सांभाळतं. जेवणानंतर सुटणारं इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशीत ढकलतं, कारण ते तोच जुना पंप वेगाने चालवतं. ॲड्रिनलिनही हेच करतं. इमर्जन्सीत पोटॅशियम ६.५ च्या वर आणि ईसीजी बिघडलेला असेल तर आम्ही हृदय सांभाळायला आधी शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देतो, मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन आणि सोबत ॲड्रिनलिनसारखं काम करणाऱ्या साल्ब्युटामॉलची वाफ. शरीराचीच युक्ती, फक्त मोठ्या डोसात. यातलं काहीच पोटॅशियम शरीराबाहेर काढत नाही, तात्पुरतं आत लपवतं. बाहेर काढायचं काम नंतर किडनीचं, औषधांचं किंवा डायलिसिसचं. इन्सुलिन कमी असलेल्या मधुमेह्यात हा पहिला बांधच कच्चा असतो, हे सासऱ्यांच्या बाबतीत ध्यानात ठेवा.

हृदयही यात भाग घेतं. रक्ताचं आकारमान वाढून कप्पे ताणले की ते एएनपी आणि बीएनपी ही हॉर्मोन सोडतं. ती किडनीला मीठ सोडायला लावतात आणि रेनिन-अल्डोस्टेरॉनला दाबतात. अल्डोस्टेरॉनएवढी ताकद त्यांच्यात नाही. धाप लागलेल्या रुग्णाचं ‘बीएनपी’ आम्ही तपासतो ते मात्र हेच.

आता कॉर्टिसॉल, कारण तुमच्या फिजिशियनच्या मनात मुख्यतः तेच असणार. ॲड्रिनलच्याच सालीच्या मधल्या थरात ते बनतं, पिट्युटरीच्या एसीटीएचच्या हुकमाने. त्याचा या हिशोबाशी दुहेरी संबंध आहे. एक, कॉर्टिसॉल एडीएचला लगाम घालतं. ते गेलं की लगाम सुटतो, पाणी अडकतं, सोडियम खाली येतं. दोन, कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या रिसेप्टरलाही तितक्याच ताकदीने चिकटू शकतं, आणि रक्तात ते शेकडो पटींनी जास्त असतं. मग ते सतत अल्डोस्टेरॉनचं काम का करत नाही? कारण किडनीच्या त्या पेशींत एक एन्झाइम पहाऱ्याला बसलेलं असतं, ते कॉर्टिसॉलचं निष्क्रिय कॉर्टिसोन करून टाकतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन या पहारेकऱ्यालाच निकामी करतं. घशासाठी चार दिवस एखादी कांडी चघळली तर बिघडत नाही, पण महिनोन्‌महिने रोज काढा घेणाऱ्याचं बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं आणि पायांतली ताकद जाते. कोणीतरी ‘घरगुती काही घेता का’ असं मुद्दाम विचारेपर्यंत ते उघडकीला येत नाही, कारण लोकांच्या लेखी काढा म्हणजे औषध नव्हेच.

आता सासऱ्यांकडे. दोन्ही आकडे जोडीने वाचायचे. सोडियम कमी आणि पोटॅशियमही कमी असतं तर मी लघवीची गोळी किंवा उलट्या-जुलाब शोधले असते. सोडियम कमी आणि पोटॅशियम नॉर्मल असतं तर एडीएचचा अतिरेक, म्हणजे औषधं, फुप्फुस, मेंदू, थायरॉइड. सोडियम कमी, पोटॅशियम जास्त आणि क्रिएटिनिन ठीक, ही जोडी दिसली की अल्डोस्टेरॉन कमी बनतंय किंवा त्याला कोणीतरी अडवतंय हे आधी बघायचं.

अडवणाऱ्यांपासून सुरुवात करा, कारण ते सर्वांत जास्त आढळतं. टेल्मिसार्टन आहेच. सोबत गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक किंवा एटोरिकॉक्सिब चालू आहे का? या वेदनाशामक गोळ्या रेनिन घटवतात. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी को-ट्रायमोक्साझोल दिलं होतं का? त्यातलं ट्रायमेथोप्रिम सोडियमचा तोच शेवटचा मार्ग बंद करतं. अल्डोस्टेरॉनलाच अडवणारी स्पायरोनोलॅक्टोनची गोळी चालू आहे का? घरात ‘लो सोडियम’ मीठ आणलंय का? त्यात सोडियम क्लोराइडच्या काही भागाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं. निरोगी माणसाच्या बीपीला ते चांगलं, पण किडनीचा आजार असलेल्यांनी किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता वापरू नये. शहाळ्याचंही तेच: एका मोठ्या ग्लासात साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम, आणि सोडियम त्या मानाने फार थोडं. म्हणजे यांना जे जास्त आहे ते शहाळं देतं आणि जे कमी आहे ते देत नाही.

मधुमेह जुना असला की आणखी एक शक्यता असते. किडनीतल्या रेनिन बनवणाऱ्या पेशी थकतात, रेनिन कमी म्हणून अल्डोस्टेरॉन कमी, पोटॅशियम ५.५ च्या आसपास रेंगाळतं. हा प्रकार मधुमेह्यांमध्ये बराच आढळतो. पण त्याने भूक जात नाही, वजन उतरत नाही आणि सोडियमही सहसा १२४ वर येत नाही. मला खटकतंय ते हे. भूक नाही, वजन घटतंय, उठताना भोवळ येते, आणि जोडीला हे दोन आकडे, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीच निकामी होण्याची शक्यता तपासल्याशिवाय सोडायची नाही.

हे चित्र लंडनच्या गाइज हॉस्पिटलचे थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये मांडलं, तेव्हा त्यांच्या बऱ्याच रुग्णांच्या ग्रंथी टीबीने पोखरलेल्या होत्या. पश्चिमेत आता बहुतेक वेळा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली असते. आपल्याकडे टीबी अजून यादीत वरच आहे. घरी बसून तुम्ही काय बघू शकता? तळहाताच्या रेषा बघा, बोटांच्या पेरांवरची कातडी, जुन्या जखमेचा व्रण, हिरड्या आणि गालाची आतली बाजू. ॲड्रिनल थकली की पिट्युटरी एसीटीएचचा मारा करते आणि त्यामुळे कातडी काळवंडते, उन्हात न येणाऱ्या जागीही. ‘उन्हाने रापलेत’ म्हणून घरचे सोडून देतात, पण ऊन हिरड्यांना लागत नाही. दुसरं, मिठाची ओढ. नुसतं मीठ तळहातावर घेऊन चाटणारे, लोणच्याचा खार वाटीत ओतून पिणारे रुग्ण मी पाहिलेत. तिसरी खूण मधुमेह्यांसाठी: औषधं तेवढीच असून साखर वरचेवर खाली जायला लागली का?

आणि मघाचं ते ‘दुय्यम’. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी प्रेडनिसोलोन महिनोन्‌महिने घेऊन कोणी एकदम बंद केलं, किंवा पुडीतून मिळणाऱ्या औषधात स्टेरॉइड होतं आणि ते थांबलं, तर बाहेरून मिळत आलेल्या स्टेरॉइडमुळे पिट्युटरी झोपलेली असते. एसीटीएच नाही म्हणून कॉर्टिसॉल नाही, सोडियम पडतं. पण अल्डोस्टेरॉन रेनिन आणि पोटॅशियमच्या हुकमावर चालतं, म्हणून पोटॅशियम नॉर्मल राहतं आणि कातडीही काळवंडत नाही. सोडियम सारखंच कमी, पण पोटॅशियमकडे पाहून दोष ॲड्रिनलमध्ये आहे की पिट्युटरीत याचा अंदाज येतो. अंदाजच हं; ॲड्रिनल निकामी असूनही पोटॅशियम नॉर्मल असलेले रुग्ण असतात.

या सगळ्याआधी एक खातरजमा. पोटॅशियमचा रिपोर्ट खोटा वाढलेला असू शकतो. दंडाला पट्टा घट्ट बांधून ‘मूठ आवळा, सोडा, आवळा, सोडा’ करायला लावलं, बारीक सुईने ओढून रक्त काढलं, किंवा कलेक्शन सेंटरवर घेतलेली बाटली दुपारपर्यंत पडून मग तालुक्याच्या लॅबला गेली, तर पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. ५.६ हा आकडा असा सहज येतो. म्हणून परत तपासताना मूठ न आवळता, लॅबमध्येच जाऊन रक्त द्या, आणि ईसीजी काढा. साखर खूप वाढलेली असेल तर सोडियमही कमी दिसतं: शंभराच्या वर साखरेच्या दर शंभर मिलिग्रॅममागे सुमारे दीड ते अडीचने. त्याच नमुन्यातली साखर किती होती ते बघा.

तपासण्या अशा असतील: सकाळी आठच्या सुमाराला कॉर्टिसॉल आणि एसीटीएच, रेनिन-अल्डोस्टेरॉन, थायरॉइडसाठी टीएसएच, रक्ताची आणि लघवीची ऑस्मोलॅलिटी म्हणजे घनता, लघवीतलं सोडियम. सकाळचं कॉर्टिसॉल (डेसिलिटरला मायक्रोग्रॅममध्ये) तीनच्या खाली आलं तर निदान जवळजवळ पक्कं, पंधरा-अठराच्या वर आलं तर बहुधा सुटलो. मधे आलं तर एसीटीएचचं इंजेक्शन देऊन ग्रंथी प्रतिसाद देते का ते बघतात. ग्रंथी दोषी ठरली तर पोटाचा सीटी आणि टीबीचा शोध.

निदान ते निघालं तर उपचार सोपे आहेत: हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम विभागून आणि अल्डोस्टेरॉनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोनची छोटी गोळी. तेव्हा गावच्या डॉक्टरांचा ‘मीठ वाढवा’ हा सल्लाही बरोबर ठरेल, कारण अशा रुग्णाने मीठ तोडायचं नसतं. निदान एडीएचच्या अतिरेकाचं निघालं तर पाणी मोजून पिणं आधी, आणि हृदयाचं निघालं तर मीठ कमी. एकाच १२४ साठी तीन वेगळे सल्ले.

दोन धोके सांगून ठेवतो. दीर्घकाळ कमी असलेलं सोडियम झटपट वर आणायचं नसतं. २४ तासांत आठ-दहाच्या वर चढलं तर मेंदूतल्या नसांची आवरणं कायमची बिघडू शकतात. कॉर्टिसॉल मिळताच एडीएचचा लगाम परत बसतो, अडकलेलं पाणी भराभर लघवीवाटे जातं आणि सोडियम आपोआप उसळतं. म्हणून पहिला दिवस दाखल ठेवून दर चार-सहा तासांनी सोडियम बघायला सांगितलं तर ‘इतक्या वेळा रक्त कशाला’ म्हणून अडवू नका. दुसरं, टीबी निघाला आणि रिफॅम्पिसिन सुरू झालं तर ते कॉर्टिसॉल लवकर संपवतं. हायड्रोकॉर्टिसोनचा डोस वाढवावा लागतो, हे टीबीच्या आणि हॉर्मोनच्या दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवून सांगा. थायरॉइडही कमी निघालं तर थायरॉक्सिन कॉर्टिसॉलच्या आधी सुरू करायचं नाही.

टेल्मिसार्टनचं काय, हे तुम्ही विचारलं नाही पण विचाराल. उठताना भोवळ येतेय आणि पोटॅशियम ५.६ आहे, तेव्हा फिजिशियनना आजच फोन करून ती थांबवायची का ते विचारा. बीपी बसून आणि उभं राहून असं दोन्ही मोजून त्यांना आकडे सांगा. गुडघ्याची गोळी चालू असेल तर ती मात्र लगेच बंद करा.